ऑटोमॅटिकचा ऑइल पंप: उघडण्याआधी, उघडल्यावर आणि बसवताना

इंजिन चालू आहे, लिव्हर 'डी'वर आहे, ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी जागची हलत नाही. 'आर'ला टाकली, तरी तेच. अशी गाडी गॅरेजच्या दारात उतरली की नवीन पोरगा हमखास म्हणतो, "पंप गेला." कधीकधी त्याचं बरोबरही निघतं. पण या पंपापर्यंत पोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि त्यात दोन माणसांचा दिवस जातो. खाली घेतल्यावर पंप ठणठणीत निघाला तर गिऱ्हाइकाला तोंड उस्तादाला द्यावं लागतं, आणि उस्ताद मग तो राग तुमच्यावर काढतो. म्हणून या लेखात पंप काढण्यापेक्षा काढण्याच्या आधीचं आणि नंतरचंच जास्त आहे.

मी बोलतोय ते पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांतल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा गोल डबा असलेल्या), चार किंवा सहा गिअरच्या बॉक्सबद्दल. मारुतीचा एजीएस आणि त्याच्या जातीचे एएमटी हे मुळात मॅन्युअल बॉक्स, त्यांच्यात हा पंप नसतोच. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचची रचना वेगळी, इथलं वाचून त्यांच्या वाटेला जाऊ नका. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये पंपाचे गिअर व्हॉल्व्ह बॉडीतच, म्हणजे तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातच, बसवलेले असतात, तिथेही उघडायची रीत निराळी.

सोसायटीचा पंप

बिल्डिंगच्या खालच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो आणि तिथून ते प्रत्येक घरात जातं. एका घरात पाणी नसेल तर त्या घरचा नळ किंवा पाइप बघायचा. अख्ख्या बिल्डिंगला पाणी नसेल तर पंप, नाहीतर खालची टाकीच रिकामी. ऑटोमॅटिकचं अगदी तसंच आहे. चेंबरमधलं, म्हणजे बॉक्सच्या तळातल्या टाकीतलं, तेल फिल्टरमधून वर खेचायचं आणि दाबाने व्हॉल्व्ह बॉडीला, कन्व्हर्टरला, क्लचना, कूलरला आणि वंगणाला पोचवायचं, एवढं पंपाचं काम. एकच गिअर स्लिप होत असेल तर पंपाकडे बोट दाखवू नका. सगळेच गिअर, रिव्हर्ससकट, मेले असतील तर पंपाचा संशय घ्या, पण रिकाम्या टाकीचा आधी.

पंप बसतो बॉक्सच्या तोंडाशी, कन्व्हर्टरच्या मागे. कन्व्हर्टर इंजिनच्या फ्लेक्स प्लेटला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या पातळ चकतीला) बोल्टने जोडलेला असतो, म्हणजे इंजिन फिरलं की तो फिरतो. त्याच्या मागच्या नळीसारख्या भागाला, म्हणजे हबला, दोन खाचा किंवा दोन सपाट बाजू असतात. त्या पंपाच्या आतल्या गिअरमध्ये अडकतात. आतला गिअर बाहेरच्याला फिरवतो, दोघांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा असतो. जिथे दात एकमेकांपासून लांब जातात तिथे तेल खेचलं जातं, जिथे परत जवळ येतात तिथे ते दाबाने बाहेर पडतं. काही बॉक्समध्ये चंद्रकोर नसते, काहींमध्ये गिअरच्या जागी पाती असतात, पण तत्त्व तेच.

इंजिन बंद म्हणजे पंप बंद, हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून का सुरू होत नाही? चाकं फिरली तरी पंप फिरत नाही, दाब नाही, क्लच धरणार कशाने. (जुन्या अमेरिकन ऑटोमॅटिकमध्ये मागच्या बाजूलाही एक पंप असायचा, तो चाकांवर फिरायचा, त्यामुळे त्या धक्क्याने सुरू व्हायच्या. १९६० च्या दशकात कंपन्यांनी तो काढून टाकला.) आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून घरापर्यंत का ओढायची नाही, तेही यातच आलं. आत सगळं फिरतंय आणि वंगणाचा थेंब पोचत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी पुढून उचलून नेली तर चालते. इनोव्हा क्रिस्टासारखी मागची चाकं ओढणारी तशी नेली तर वाट लागते. फ्लॅटबेड मागवा आणि विषय संपवा.

बॉक्सला हात लावण्याआधी

पहिलं काम तेल बघायचं. ज्या गाडीला तेल मोजायची दांडी आहे, तिथे बहुतेक बॉक्समध्ये तेल गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून 'पी'ला आणून लेव्हल बघतात. होंडात इंजिन बंद करून बघतात. कित्येक नव्या गाड्यांना दांडीच नसते, खालचा लेव्हल प्लग ठरावीक तापमानाला उघडावा लागतो आणि ते तापमान स्कॅनरवर दिसतं. गॅरेजसमोरचा उतार विसरू नका. आपल्याकडे गाड्या अर्ध्या गटाराच्या झाकणावर आणि अर्ध्या फुटपाथवर उभ्या असतात, तशा गाडीची लेव्हल खोटीच येणार.

तेलाचा रंग आणि वास बघा. लाल किंवा तपकिरी लाल चालेल. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा जळाल्यात. आणि गुलाबी, दुधाळ, थेट सोलकढीसारखं तेल दिसलं तर आत पाणी गेलंय. मुंबईत हे दोन वाटांनी होतं. रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटतो आणि कूलंट बॉक्समध्ये येतो, ही एक वाट. दुसरी पावसाची. तासभर ट्रॅफिकमध्ये तापलेला बॉक्स हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात उतरतो, आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा शहरात ऑटोमॅटिक गाड्या मोजक्या होत्या. आता दर पावसाळ्यात एखादी तरी सोलकढी बघायला मिळते. पाण्याने क्लच प्लेटांवरच्या लायनिंगचा गोंद सुटतो, तेव्हा अशा गाडीत नुसता पंप बदलून काही साधत नाही. बॉक्स पूर्ण उघडायची तयारी ठेवा आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्याच दिवशी सांगा.

पंपाचा आवाज ओळखायला शिका. बारीक, सुरातली घरघर, ॲक्सिलरेटर दिला की चढणारी, 'पी' आणि 'एन'लाही येणारी. गाडी उभी असतानाही येते, कारण पंप इंजिनच्या वेगाने फिरतो. पण अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि बेल्टची पुलीही इंजिनच्याच वेगाबरोबर कमी-जास्त फिरतात आणि तसाच आवाज करतात. सोपी युक्ती: बेल्ट काढा, इंजिन पंधरा-वीस सेकंद चालवून ऐका, बंद करा. आवाज गेला तर तो बाहेरचा होता. तसाच राहिला तर बॉक्सचा, पण तरी पंप मेलाय असं नाही. फिल्टर चोक झाला किंवा तेल कमी असलं की पंप हवा ओढतो आणि असाच रडतो. चेंबर उघडून फिल्टर बदलणं हे दोन तासांचं काम. ते आधी करा.

त्यानंतर दाब. बॉक्सवर छोटा टेस्ट प्लग असतो, तिथे ३०० पीएसआयचं गेज लावायचं आणि 'डी' व 'आर'ला आयडलवर आकडा बघायचा. किती हवा ते त्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्येच बघा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. सगळीकडे दाब कमी असेल तर पंप, फिल्टर, किंवा दाब ठरवणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह अडकलेला. एकाच जागी कमी असेल तर त्या क्लचच्या सर्किटमध्ये गळती. रेग्युलेटर व्हॉल्व्ह बऱ्याच बॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडीत असतो आणि बॉक्स न उतरवता निघतो, म्हणून तोही आधी. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट गल्लीतल्या गॅरेजमध्ये नवख्याने करूच नये. पाच सेकंदांपेक्षा जास्त झाली की तेल उकळायला लागतं, आणि ब्रेक सुटला तर समोर कोण उभं आहे याचा भरवसा नाही.

इंजिन आणि बॉक्सच्या सांध्यातून लाल तेल ठिबकत असेल तर ते पुढच्या सीलचं. सील पंपाच्या तोंडातच बसतं, तेव्हा बॉक्स उतरवावाच लागतो. पण पंप बदलायचा की नाही ते आत बघून ठरतं.

माल आणि हत्यारं

नवीन पंप मागवताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक बॉक्स आणि डिझेलला दुसरा असतो. बॉक्सवरच्या पट्टीवरचा कोड फोटो काढून ठेवा. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत नवा माल विचारा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळतो. जुना घ्यायचा तर पंप अख्खा घ्या. बॉडी एकाची, गिअर दुसऱ्याचे असा जोड लावू नका, ते दोन्ही एकमेकांत घासून जमलेले असतात. आणि जुना पंप पिशवीत घालून सोबत न्या, दुकानदाराच्या "सेम है, सेठ" वर विसंबू नका.

पंपाबरोबर पुढचं सील, पंपाचा मोठा ओ-रिंग किंवा गॅस्केट, पंपाच्या मागच्या नळीवरच्या सीलिंग रिंगा, फिल्टर आणि तेल लागेल. हत्यारांत गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, लांब एक्स्टेंशन, टॉर्क रेंच, फिलर गेज, व्हर्निअर, सरळ लोखंडी पट्टी, डायल गेज, इंजिन वरून धरायला सपोर्ट बार, बॉक्सचा जॅक आणि चार मजबूत घोड्या. माझं पहिलं डायल गेज चोरबाजारातलं होतं. काटा जरा अडखळायचा, पण नसण्यापेक्षा बरं.

बॉक्स खाली घेणं

हा भाग गाडीगणिक बदलतो, म्हणून फक्त चुकण्याच्या जागा सांगतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. तेल काढा आणि किती निघालं ते मोजून भिंतीवर लिहा. सबफ्रेम उतरवणार असाल तर स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवा. ते गरगर फिरलं तर आतली एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग तुटते आणि तो खर्च तुमच्या अंगावर येतो. कूलरचे पाइप काढल्यावर तोंडं बंद करा. स्टार्टर काढला की त्या भोकातून किंवा खालच्या झाकणातून कन्व्हर्टरचे बोल्ट दिसतात. क्रँक पुलीला गोटी लावून इंजिन थोडं थोडं फिरवा आणि एकेक बोल्ट काढा. सगळे निघाल्याशिवाय बॉक्स ओढू नका. एक बोल्ट राहिला आणि बॉक्स ओढला तर कन्व्हर्टर इंजिनकडे राहतो आणि बॉक्सचं वजन त्याच्या हबवर आणि पंपावर लटकतं.

गाडीखाली जाण्याआधी घोड्या हलवून बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी सांगितलं तरी जायचं नाही, उस्तादाने सांगितलं तरीही.

बॉक्स मागे सरकवताना कन्व्हर्टर हाताने आत दाबून धरा. तेलासकट त्याचं वजन दहा-बारा किलो असतं, पायावर पडला की कळतं. बॉक्स बाहेर आल्यावर, कन्व्हर्टर काढण्याआधी, एक माप घ्या आणि हे माप विसरलात तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही: बेल हाऊसिंगच्या (बॉक्सच्या कन्व्हर्टर झाकणाऱ्या, घंटेसारख्या भागाच्या) तोंडावर आडवी पट्टी ठेवा आणि पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट लागणाऱ्या कानापर्यंतची खोली व्हर्निअरने मोजा. खडूने बेल हाऊसिंगवरच लिहा. कन्व्हर्टर आत किती खोल बसतो त्याचं हे माप, आणि परत बसवताना ते तेवढंच यायला हवं.

पंप बाहेर

पंप काढण्याआधी इनपुट शाफ्ट (कन्व्हर्टरकडून बॉक्समध्ये जाणारा दांडा) पुढे-मागे किती हलतो ते डायल गेजने बघून लिहून ठेवा. मग पंपाचे बोल्ट काढा. एखादा बोल्ट लांबीला वेगळा असू शकतो, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा गोल काढून बोल्ट त्याच जागी खोचा. पंप हाताने निघत नाही, ओ-रिंगने तो घट्ट बसलेला असतो. बहुतेक पंपांना पुलर लावायला आट्याची दोन भोकं असतात, तिथे स्लाइड हॅमर लावून दोन्ही बाजूंनी सारखं सारखं ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तर ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि तिथून पुढे आयुष्यभर तेल गळतं.

पंप निघाला की पाठीमागे बघा. थ्रस्ट वायसर किंवा बेअरिंग तेलाच्या चिकटपणाने पंपाला लागून येतं आणि मग कुठेतरी टेबलाखाली पडतं. ते कुठल्या बाजूला, कसं होतं, त्याचा फोटो काढा.

पंप उघडताना दोन्ही गिअरच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा. पंचाने टिंब मारू नका, त्याचा उंचवटा बॉडीला खाईल. आतला गिअर उलटा बसला तर कन्व्हर्टर पूर्ण आत जात नाही, किंवा जोर केला तर गिअरच फुटतो.

स्वच्छ करायला चिंधी किंवा वेस्ट कॉटन वापरू नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तर पुन्हा बॉक्स खाली. धुऊन हवेने सुकवा, चष्मा लावून.

आता मापं. फिलर गेजने तीन जागा बघायच्या: बाहेरचा गिअर आणि बॉडी यांच्यातली फट, गिअरचे दात आणि चंद्रकोर यांच्यातली फट, आणि बॉडीवर पट्टी ठेवून गिअरच्या वर उरलेली फट. टोयोटाच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सचे आकडे अंदाजासाठी देतो. पहिली ०.०७ ते ०.१५ मिलिमीटर, दुसरी ०.११ ते ०.१४, दोन्हींची कमाल मर्यादा ०.३. तिसरी ०.०२ ते ०.०५, कमाल ०.१. तिसरी फट सगळ्यांत बारीक आहे हे लक्षात घ्या, आणि दाब सगळ्यांत जास्त तिथूनच पळतो. आणखी एक चाचणी नखाची: बॉडीच्या आणि झाकणाच्या सपाट भागावर नख फिरवा. नख अडकेल इतकी रेघ असेल तर तो पंप परत बसवायचा नाही, गेज काहीही सांगो. पंपाच्या तोंडातलं बूशही बघा. एका बाजूला जास्त घासलेलं असेल तर काहीतरी तिरकं फिरत होतं.

पंप मेला कशाने

नवीन लोक इथे थांबत नाहीत. नवा पंप समोर असतो, तो बसवायची घाई असते. पण पंप सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. मारणारा आतच राहिला तर नवा पंपही जातो.

गिअर आणि बॉडीवर रेघा असतील तर लोखंडाचा चुरा आलाय. चेंबरमधलं मॅग्नेट बघा. करडं, मेणासारखं लेपण सगळ्याच बॉक्समध्ये सापडतं, त्याची काळजी नको. चमकणारे कण, तारा, तुकडे दिसले तर एखादं बेअरिंग किंवा प्लॅनेटरी सेट गेलाय. हाच चुरा कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्येही बसलाय हे गृहीत धरा. कन्व्हर्टर बाहेरून धुता येत नाही. तो कापून, साफ करून, परत वेल्ड करणाऱ्याकडे द्या किंवा बदला. कूलर उलट्या दिशेने फ्लश करा, आणि हवेने शेवटचा थेंब येईपर्यंत.

बूश एका बाजूला खाल्लेलं आणि सील वारंवार जात असेल तर बेल हाऊसिंग आणि इंजिनच्या मधल्या, दोघांना सरळ रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना किती आहेत ते मोजा. आधी कुणीतरी बॉक्स उतरवला असेल आणि एक पिन हरवली असेल, तर बोल्ट घट्ट होतात पण बॉक्स केसभर तिरका राहतो. मला अशा तीन गाड्या आठवतात आणि तिघींच्या मालकांनी आधी फक्त सील बदलून घेतलं होतं, एकाने चार वेळा. फ्लेक्स प्लेट वाकडी आहे का ते डायल गेजने बघा. कन्व्हर्टर तात्पुरता प्लेटला लावून हबवर काटा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोललं तर टोयोटाच्या हिशेबाने ते चालत नाही.

हब बोटाने चाचपा. सील बसतं तिथे खाच पडली असेल तर नव्या सीलचाही उपयोग नाही. हबच्या खाचांच्या कडा गोल झाल्या असतील किंवा चेमटल्या असतील तर कन्व्हर्टर बदला.

आणि आतला गिअर सरळ फुटलेलाच असेल, दोन तुकडे, तर गाडीचा काही दोष नाही. मागच्या मेकॅनिकने कन्व्हर्टर पूर्ण न बसवता बॉक्स आवळलाय. त्याबद्दल खाली.

पंप परत

नवा पंपही उघडून बघा. त्यात गंजरोधक तेल असतं, कधी कापताना उरलेला चुरा असतो. गिअरना त्याच गाडीच्या तेलाने भिजवा. वायसर जागेवर चिकटवून ठेवायला व्हॅसलिन वापरा, ते तेलात विरघळून जातं. बेअरिंगचं ग्रीस वापरू नका, त्याचे गोळे होऊन फिल्टर आणि बारीक भोकं बुजतात.

पंपाच्या मागच्या नळीवरच्या सीलिंग रिंगा खाचेत मोकळ्या फिरायला हव्यात. पुढचं सील सपाट ठोका, कडेला तेल लावा. पंपाचं झाकण लावल्यावर तो कन्व्हर्टरच्या हबवर बसवून हाताने फिरवा. सरसर फिरला तर ठीक. अडखळला तर परत उघडा, "चालवताना बसेल" असं काही नसतं.

बसवताना डोकं कापलेले दोन लांब बोल्ट समोरासमोरच्या भोकांत लावा, पंप त्यांच्यावरून सरळ आत जातो आणि भोकं जुळवायची कसरत वाचते. ओ-रिंगला तेल लावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि मधून मधून इनपुट शाफ्ट हाताने फिरवत राहा. शाफ्ट जड झाला तर तिथेच थांबा, वायसर सरकलाय किंवा एखादी प्लेट बसलेली नाही. या बोल्टना टॉर्क फार नसतो, कित्येक बॉक्समध्ये २० ते २५ न्यूटन-मीटर. केस ॲल्युमिनियमची आहे, दांडीला पाइप लावून आवळणाऱ्यांनी आटे खाल्लेले मी बघितलेत. मग इनपुट शाफ्टचा खेळ परत मोजा आणि आधी लिहिलेल्या आकड्याशी आणि मॅन्युअलशी जुळवा.

तीन खटके

कन्व्हर्टर बसवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यांत साधं दिसणारं आणि सगळ्यांत महाग पडणारं काम.

त्यात लिटरभर नवं तेल ओता, हबला तेल लावा, दोन हातांनी धरून शाफ्टवर सरळ चढवा. मग हलकेच आत दाबत दोन्ही दिशांनी फिरवत राहा. तीन गोष्टी जुळायच्या असतात: इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (उभे दाते), पंपाच्या स्थिर नळीचे स्प्लाइन, आणि शेवटी हबच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये. प्रत्येक वेळी कन्व्हर्टर थोडा आत उतरतो, हाताला खटका लागतो. दोन खटके झाले की नवख्याला वाटतं, बसला. तिसरा राहतो. आता ते खडूचं माप काढा. तेवढी खोली आली नसेल तर तो बसलेला नाही, कितीही बसल्यासारखा वाटला तरी.

माझी गोष्ट सांगतो. पहिल्यांदा एकट्याने बॉक्स चढवत होतो. संध्याकाळचे सात वाजले होते, गिऱ्हाईक टपरीवर चहा पीत उभं. बॉक्स आणि इंजिनमध्ये एक सेंटिमीटरची फट उरली होती, ढकलून जाईना. मी बेल हाऊसिंगचे बोल्ट लावले आणि त्यांनीच आवळत आणलं, छान जवळ आलं. स्टार्टर मारला. 'कट्' असा आवाज, बस्स, फार मोठाही नाही. नव्याकोऱ्या पंपाचं आयुष्य दोन सेकंदांचं ठरलं. उस्ताद काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स मलाच परत उतरवायला लावला, आणि पंपाचे पैसे चार पगारांतून कापले.

तेव्हा, बॉक्स इंजिनला हाताने येऊन मिळाला पाहिजे, दोन्ही डॉवेल पिनांवर, फट न राहता. बोल्टने ओढून आणायचा नाही. मिळाल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा, तो मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्स प्लेटपासून काही मिलिमीटर मागे असला पाहिजे. बोल्ट लावण्यासाठी त्याला पुढे ओढावं लागलं तर काम बरोबर झालंय. फिरतच नसेल तर लगेच खाली घ्या.

तेल आणि पहिला स्टार्ट

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-३ आणि एसपी-४, होंडाचं डीडब्ल्यू-१, डेक्स्रॉनचे प्रकार, सगळी वेगवेगळी. बहुतेक लाल असतात, आणि लाल रंग हा निव्वळ इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून घातलेला. क्लच धरताना किती घसरावा ते या तेलातल्या मिश्रणावर ठरतं. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत त्यासाठी तेलात चक्क देवमाशाचं तेल घालायचे. सुट्ट्या डब्यातलं "सगळ्यांना चालणारं" तेल स्वस्त पडतं, पण झटक्याची तक्रार घेऊन ती गाडी परत तुमच्याच दारात येते.

नुसत्या ड्रेनला निघतं त्यापेक्षा आता जास्त तेल लागेल, कारण बॉक्स, कन्व्हर्टर, कूलर सगळं रिकामं झालंय. काढताना भिंतीवर लिहिलेल्या आकड्याएवढं आधी भरा, इंजिन सुरू करा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. पंप काही सेकंदांत तेल उचलतो. प्रेशर गेज लावूनच ठेवलं असेल तर काटा चढताना दिसेल. नाही चढला, किंवा घरघर आली, तर इंजिन बंद करा. कोरडा पंप फिरवत राहू नका. चढला तर चेंबर लगेच उतरलेलं असणार, तेव्हा आणखी तेल घाला. ब्रेक दाबून लिव्हर एकेका जागी तीन-चार सेकंद ठेवत फिरवा आणि पुन्हा तेल बघा. पक्की लेव्हल गरम झाल्यावरच. कॉम्प्युटरवाल्या बॉक्सला स्कॅनरने जुनी शिकलेली माहिती पुसून नवीन शिकवावं लागतं, नाहीतर नव्या दाबावर तो जुन्या सवयीने झटके देत राहतो.

चाचणीला सरळ हायवेवर जाऊ नका. आधी गल्लीत, मग सिग्नलवर थांबत-निघत अर्धा तास, एसी लावून. मुंबईत बॉक्स तापतो तो अशाच चालीने, आणि तापल्यावरच दाबाचं खरं-खोटं कळतं.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. कुर्ल्यात गटार म्हणजे पुढे मिठी नदी. डब्यात भरून जुनं तेल नेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

रात्री गाडी उभी करताना खाली बॉक्सच्या सांध्याजवळ कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी आधी पुठ्ठा बघा, मग गिऱ्हाइकाला फोन करा.